फ्रेशमन वर्षाचं डॉर्म: पालक हमखास विचारतात ते प्रश्न

एप्रिल उजाडला की आमच्याकडे फोन सुरू होतात. आधी ॲडमिशनची बातमी, मग दोन मिनिटं इकडचं तिकडचं, आणि मग मूळ मुद्दा: "अगं, ते डॉर्म कुठलं टाकायचं?" डॉर्म म्हणजे कॉलेजचं वसतिगृह. माझी दोन्ही मुलं अमेरिकेतच कॉलेजला गेली. थोरली मोठ्या सरकारी विद्यापीठात, धाकटा छोट्या खासगी कॉलेजात. थोरलीच्या वेळी मी फॉर्ममध्ये नको तितकं नाक खुपसलं, धाकट्याच्या वेळी हात आवरला. दोन्हींतून जे कळलं ते फोनवर सांगून सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून ठेवतेय. हे सगळं अमेरिकेतल्या पदवीच्या पहिल्या वर्षापुरतं आहे, मग मूल इथल्या हायस्कुलातून जात असो की थेट भारतातून येत असो.

पहिल्या वर्षी कॅम्पसवर राहणं सक्तीचं असतं का?

कॉलेजागणिक वेगळं. कितीतरी खासगी कॉलेजं आणि काही सरकारी विद्यापीठंही पहिलं वर्ष आतच काढायला लावतात, काही ठिकाणी दोन वर्षं. घर जवळ असेल आणि मूल आईवडिलांकडेच राहणार असेल तर बहुतेक ठिकाणी सूट मिळते, पण ती अर्ज करून मागावी लागते, आपोआप मिळत नाही.

सक्ती नसेल तिथेही मी म्हणेन, पहिलं वर्ष आत काढू द्या. बाहेरचं अपार्टमेंट कागदावर स्वस्त दिसतं. पण तिथली लीज साधारण बारा महिन्यांची, डॉर्मचा करार नऊ महिन्यांचा. वर वीज, इंटरनेट, बस आणि किराणा. आणि अठरा वर्षांच्या मुलाला सिंक तुंबल्यावर घरमालकाशी भांडता येईल, अशा भ्रमात राहू नका.

आम्हाला खरंच निवड असते का, की देतील ते घ्यायचं?

हे आधी शोधा, नाहीतर नसलेल्या निवडीवर घरात वाद व्हायचे. हार्वर्डमध्ये पहिल्या वर्षाची मुलं हार्वर्ड यार्डमध्ये आणि त्याच्या आसपास राहतात, कुणी कुठल्या इमारतीत ते कॉलेज ठरवतं. येलमध्ये प्रत्येक मूल यायच्या आधीच १४ रेसिडेन्शियल कॉलेजांपैकी, म्हणजे विद्यापीठातल्याच राहण्या-जेवण्याच्या छोट्या गटांपैकी, एकाशी जोडलेलं असतं. ही पद्धत तिथे १९३३ पासून आहे. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातही तसंच. अशा ठिकाणी तुमच्या हातात फक्त सवयींची प्रश्नावली उरते.

मोठ्या सरकारी विद्यापीठांत मात्र बहुधा पसंतीक्रम देता येतो किंवा ठरलेल्या वेळी ऑनलाइन जाऊन खोली पटकावता येते. पुढची बरीचशी उत्तरं त्यांच्यासाठी आहेत.

अर्ज कधी करायचा?

वाटतं त्याच्या आधी. १ मे ही बहुसंख्य कॉलेजांची प्रवेश पक्का करायची पारंपरिक तारीख आहे, त्यामुळे लोक घरासाठीही तीच धरून बसतात. पण काही विद्यापीठं प्रवेशपत्र हातात पडल्याबरोबर राहण्याचा अर्ज घ्यायला लागतात, आणि जो आधी भरेल त्याचा नंबर आधी. तिथे १ मेपर्यंत थांबलात तर मधल्या दराच्या खोल्या निघून गेलेल्या असतात, उरतात त्या सगळ्यांत महाग आणि सगळ्यांत लांबच्या.

कॉलेज अजून ठरलं नसेल तर दोन गोष्टी पाहा. हाउसिंगची अर्ज फी परत मिळते का, आणि डिपॉझिट किती तारखेपर्यंत रद्द केलं तर परत येतं. पैसे परत मिळत असतील तर दोन ठिकाणी अर्ज टाकून ठेवायला हरकत नाही. आणखी एक. प्रवेशाचं डिपॉझिट आणि हाउसिंगचं डिपॉझिट या बऱ्याच ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक भरलं की दुसरं भरलं असं समजून जूनमध्ये रडकुंडीला आलेले पालक मी पाहिलेत.

खोल्यांचे प्रकार किती आणि फरक काय?

नावं जागोजागी बदलतात, पण मुळात तीनच तऱ्हा. पहिली जुन्या वळणाची: लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना दोघांच्या खोल्या, मजल्याच्या मध्ये किंवा टोकाला सगळ्यांची मिळून बाथरूम. दुसरी स्वीट: दोन खोल्यांच्या मधोमध एक बाथरूम, ती चौघांत. कधी छोटी बैठकीची खोलीही. तिसरी अपार्टमेंट: आपलं स्वयंपाकघर, आपली बाथरूम, बऱ्याचदा प्रत्येकाची वेगळी झोपायची खोली. किंमतही साधारण याच क्रमाने चढते. शिवाय खोलीत डोकी किती, हाही हिशेब आहेच. यूसी म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या कॅम्पसांवर तिघांची खोली ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. मूळ दोघांसाठी बांधलेली खोली असते, तिसरा पलंग आत सरकवलेला असतो.

सगळ्या मराठी आया एकाच शब्दावर अडतात: कॉमन बाथरूम. मीही अडले होते. त्यातली गंमत अशी की कॉरिडॉरमधली बाथरूम कॉलेजचे सफाई कर्मचारी साफ करतात, बहुतेक ठिकाणी आठवड्यातले पाच दिवस तरी. स्वीटमधली बाथरूम मात्र पुष्कळ ठिकाणी त्या चार पोरांनीच घासायची असते. चार अठरा वर्षांच्या मुलांनी सहा आठवडे न घासलेला शॉवर एकदा पाहिलात की कॉमन बाथरूमबद्दलचं मत बदलतं. शॉवर कॅडी म्हणजे साबण-शॅम्पू ठेवायची जाळीची टोपली आणि पायात रबरी चप्पल, एवढ्यावर काम भागतं.

मग तुम्ही कुठलं घ्याल?

पहिल्या वर्षासाठी लांब कॉरिडॉरची जुनी इमारत, डायनिंग हॉलच्या जितकी जवळ मिळेल तितकी.

हे मी मोल देऊन शिकलेय. थोरलीच्या वेळी मी हट्टाने नवी कोरी अपार्टमेंट पद्धतीची इमारत घ्यायला लावली. स्वतंत्र खोली, स्वतंत्र बाथरूम, स्वयंपाकघर. म्हटलं, निदान वरण-भाताचा कुकर तरी लावेल. कॅम्पसच्या कडेला होती, मुख्य चौकापासून पंधरा मिनिटं चालत. चौघी जणी चार बंद दारांआड. समोरच्या अपार्टमेंटमध्ये कोण राहतं ते ऑक्टोबरपर्यंत लेकीला माहीत नव्हतं. कुकर एकदाच लागला, तोही मी भेटायला गेले तेव्हा. ती जेवायची एकटी, लॅपटॉपसमोर. आम्हाला फोनवर सांगायची, "सगळं मस्त आहे." जानेवारीत तिने स्वतः खटपट करून जुन्या इमारतीत खोली बदलून घेतली. एसी नाही, लिफ्ट अर्धा वेळ बंद, बाथरूम तीस जणींत एक. दुसऱ्या आठवड्यात फोन केला तर मागे इतका गोंगाट, की "नंतर करते" म्हणून ठेवून दिला. मला इतकं बरं वाटलं.

धाकट्याने आपलं आपण ठरवलं. चौथा मजला, लिफ्ट नाही. त्याचा आजचा जिवाभावाचा मित्र त्याला दात घासताना शेजारच्या बेसिनवर भेटला.

म्हणून इमारत पाहताना ग्रॅनाइटचा ओटा आणि जिम बघू नका. मुलांची येता-जाता एकमेकांशी गाठ पडते का ते बघा. मजल्यावर पहिल्या वर्षाचीच मुलं आहेत की वरच्या वर्गांची सरमिसळ? दारं उघडी असतात का? कॅम्पस टूरवाले सजवलेली नमुना खोली दाखवतात. ती पाहून झाली की बाहेर येऊन संध्याकाळी सातला लाउंजमध्ये कोणी बसलंय का ते बघून या.

मात्र हा नियम सगळ्यांना लागू नाही. ज्या मुलाला गोंगाटाने खरोखर त्रास होतो, झोप उडाली की आजारी पडतं, त्याच्यासाठी स्वीट हा चांगला मधला मार्ग आहे.

एकट्याची खोली मिळत असेल तर तीच बरी ना? अभ्यासही होईल.

अभ्यास लायब्ररीत होतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना एकट्याची खोली मुळात कमी मिळते आणि महाग पडते. वैद्यकीय कारण असेल तर गोष्ट वेगळी, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

रूममेट आपण शोधावा की कॉलेजला देऊ द्यावा? आणि मराठी, निदान भारतीय, मिळाला तर?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि आईबापांच्या मनातला खरा प्रश्न त्याच्या दुसऱ्या अर्ध्यात असतो.

आधी पहिलं अर्ध. मे-जूनमध्ये त्या वर्षाच्या मुलांचे इन्स्टाग्रामवर गट तयार होतात. मुलं आपापले फोटो आणि चार ओळी टाकतात आणि जोड्या जुळवतात. ड्यूक विद्यापीठाने २०१८ मध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना रूममेट निवडू देणं बंद केलं ते याचसाठी: एकाच शाळेतली, एकाच वर्तुळातली मुलं आपापसांत खोल्या जुळवत होती आणि वेगळ्या घरांतून आलेल्यांशी त्यांची ओळखच होत नव्हती. फोटोवरून माणूस कळत नाही हे आपण कांदेपोह्यांच्या कार्यक्रमांतून पुरेसं शिकलोय.

रूममेटमुळे फरक पडतो का? पडतो, पण कुठे ते पाहा. डार्टमथ कॉलेजात खोल्या जवळपास चिठ्ठ्या टाकून दिल्या जायच्या, त्याचा फायदा घेऊन अर्थतज्ज्ञ ब्रूस सॅसरडोट यांनी २००१ मध्ये एक अभ्यास छापला. रूममेटचा परिणाम मार्कांवर दिसला आणि फ्रॅटर्निटीसारख्या (कॉलेजातल्या मुलांच्या क्लबांसारख्या) गटांत सामील होण्यावरही दिसला. मेजर, म्हणजे मुख्य विषय, कुठला घ्यायचा, यावर मात्र दिसला नाही. थोडक्यात, रूममेट इंग्लिश मेजर आहे म्हणून तुमचा कॉम्प्युटर सायन्सवाला कविता करायला लागेल ही भीती सोडा.

आता दुसरं अर्ध. आपल्याकडचा रूममेट मिळाला तर जेवणाच्या वासाचा, आईच्या रोजच्या फोनचा, चप्पल दाराशी काढण्याचा खुलासा करावा लागत नाही, हे खरं. पण मुलं आपल्याच लोकांत राहिली की तिथेच रमतात. आणि दोन घरं एकमेकांना ओळखत असतील तर आणखी पंचाईत. पोरांचं फिसकटलं की मंडळाच्या गणपतीत दोन आया एकमेकींकडे पाठ करून मोदक वळतात. मैत्रिणीच्या मुलीबरोबर खोली घेऊ नका, इतकंच सांगते. मैत्रीण टिकवायची असेल तर.

ती सवयींची प्रश्नावली कशी भरावी?

मुलाने भरावी. तुम्ही त्या खोलीतही थांबू नका.

थोरलीच्या फॉर्मवर "किती वाजता झोपता?" याला मी शेजारी बसून "दहा" लिहायला लावलं, कारण घरी दहाला दिवे बंद होत. जानेवारीत खोली बदलली तेव्हा कॉलेजने त्याच फॉर्मवरून इमानेइतबारे दहाला झोपणारी मुलगी दिली. माझी लेक खरं तर रात्री दोनपर्यंत जागणारी. ती बिचारी लाउंजमध्ये जाऊन बसायची आणि ती दुसरी बिचारी पहाटे सहाला गजर लावायची. आदर्श मुलाचा फॉर्म भरला की आदर्श मुलाचा रूममेट मिळतो, आणि आपलं मूल आदर्श नसतं.

झोप, पसारा, पाहुण्यांची ये-जा आणि खोलीचं तापमान या चारच गोष्टींवर बहुतेक भांडणं होतात. तिथे खरं लिहायला सांगा. आवडतं संगीत काहीही लिहिलं तरी चालतं, सगळेच कानात हेडफोन घालून बसतात.

मुलं-मुली एकाच मजल्यावर असतात?

पुष्कळ ठिकाणी असतात. खोल्या मात्र साधारणपणे वेगवेगळ्याच. काही कॉलेजांत विंग वेगळ्या, काही ठिकाणी मजले वेगळे, आणि फक्त मुलींची इमारतही बऱ्याच विद्यापीठांत अजून आहे. शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यातही राहण्याची सोय वेगळी ठेवायला मुभा आहे. जिथे लिंगभेद न पाळता खोल्या देतात तिथे तो पर्याय मुलांनी स्वतः निवडावा लागतो. लेकीला कुठे मोकळं वाटेल ते तिलाच विचारा. मराठी घरांत हा प्रश्न बाबा विचारत नाहीत, आईकडून विचारवून घेतात, असा माझा अनुभव.

लिव्हिंग-लर्निंग कम्युनिटी म्हणजे काय? घ्यावी का?

एकाच विषयाची किंवा आवडीची मुलं एका मजल्यावर: इंजिनीअरिंग, पर्यावरण, संगीत, ऑनर्स. एखाद-दोन वर्ग एकत्र, कधी प्राध्यापकांबरोबर जेवण. चाळीस हजार मुलांच्या विद्यापीठात हे फार उपयोगी पडतं, गाव लहान होतं. याचा अर्ज वेगळा असतो, छोटा निबंध असतो आणि तारीख आधीची असते. फक्त मूल मेजर बदलायच्या बेतात असेल तर विषयाला बांधलेल्या मजल्यावर टाकू नका. ऑक्टोबरमध्ये इंजिनीअरिंग सोडलं आणि मेपर्यंत इंजिनीअरांच्या मजल्यावर राहायचं, याचा जाच होतो.

पैशांचं काय? कुठे वाचतात, कुठे कापले जातात?

कॉलेजच्या खर्चाच्या पत्रकात 'हाउसिंग अँड फूड' म्हणून जो आकडा असतो तो बहुधा दोघांच्या खोलीचा आणि मधल्या मील प्लॅनचा सरासरी अंदाज असतो. तुमच्या मुलाने अपार्टमेंट निवडलं तर बिल त्यापेक्षा वर जाईल, आणि कॉलेजकडून मिळणाऱ्या आर्थिक मदतीची रक्कम त्याबरोबर आपोआप वाढत नाही. काही ठिकाणी उलटं: तिघांची खोली घेतली तर चांगली घसघशीत बचत.

इथे राहणाऱ्यांनी कराकडे नीट लक्ष द्यावं. मूल निदान अर्धवेळ शिकत असेल तर डॉर्मचं भाडं आणि मील प्लॅन ५२९ खात्यातून, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या बचत खात्यातून, भरता येतात. बाहेर राहिलं तरी चालतं, पण कॉलेजने ठरवलेल्या राहण्या-जेवणाच्या रकमेपर्यंतच. याउलट अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट ही करातली सूट, जास्तीत जास्त २,५०० डॉलरची, ती फक्त ट्यूशन, फी आणि अभ्यासाच्या साहित्यावर मिळते, राहण्या-जेवणावर नाही. एकाच खर्चावर दोन्ही सवलती चालत नाहीत. म्हणून उत्पन्नाच्या मर्यादेत बसत असाल तर ट्यूशनचे पहिले ४,००० डॉलर खिशातून आणि डॉर्मचे पैसे ५२९ मधून, असं पुष्कळजण करतात. आणि स्कॉलरशिपचा जो भाग राहण्या-जेवणावर खर्च होतो तो मुलाचं करपात्र उत्पन्न धरला जातो. हे एप्रिलमध्ये कर भरताना कळलं की फार चिडचिड होते.

दुसऱ्या वर्षापासून आरए म्हणजे मजल्याचा विद्यार्थी-रखवालदार होता आलं तर बऱ्याच ठिकाणी खोली फुकट, कुठे कुठे जेवणही. त्या बदल्यात रात्री तीनला कुणीतरी उलटी केली की उठायचं.

मील प्लॅन कुठला घ्यावा? आमच्याकडे शाकाहारी आहे.

पहिल्या वर्षाच्या मुलांना मील प्लॅन बहुधा सक्तीचा असतो आणि खोलीत स्वयंपाकघर नसेल तर नक्कीच. सगळ्यांत मोठा प्लॅन घेऊ नका. मुलं सकाळचा नाश्ता करत नाहीत, ते स्वाइप (कार्ड लावून घ्यायची एकेक जेवणं) आठवड्याअखेर वाया जातात. काही प्लॅनमध्ये आठवड्याचे स्वाइप उरले तर बुडतात, काहींत सेमिस्टरभर पुरवून वापरता येतात. दुसरा प्रकार मिळाला तर तोच घ्या. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत प्लॅन बदलू देतात.

शाकाहाराबद्दल: सॅलड बार, पास्ता, बीन्स, पिझ्झा यांवर कोणी उपाशी राहत नाही, पण नोव्हेंबरपर्यंत कंटाळा येतो. डायनिंग हॉलचा रोजचा मेन्यू बहुतेक कॉलेजं ऑनलाइन टाकतात. टूरला जायच्या आधी सलग दोन आठवड्यांचा मेन्यू वाचून काढा, माहितीपत्रकापेक्षा जास्त कळतं. रविवारी रात्री हॉल लवकर बंद होतो का, तेही पाहा. सूप मांसाच्या स्टॉकमध्ये केलेलं असतं, चिप्सच्या शेजारच्या बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते, हे मुलाला विचारायची सवय लावा. अंडं चालत नसेल तर डायनिंगच्या आहारतज्ज्ञांना आधीच लिहा, मोठ्या विद्यापीठांत अशी व्यक्ती असतेच.

खोलीत इन्स्टंट पॉट चालेल का? आणि देवापुढे दिवा?

दोन्हीला नाही. उघडी कॉइल असलेली किंवा खूप तापणारी उपकरणं, हॉट प्लेट, टोस्टर, इन्स्टंट पॉट बहुतेक ठिकाणी बंद. मेणबत्ती, उदबत्ती, समई, अगदी न पेटवलेलीही, तपासणीत सापडली तर दंड. बॅटरीवरचा दिवा ठेवा, देव समजून घेतो. छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह चालतो, पण मापाचा आणि वॉटचा नियम वाचून घ्या. मजल्यावर सगळ्यांचं स्वयंपाकघर असतं, तिथे करता येतं. फक्त फोडणी देताना एक्झॉस्ट चालू आहे ना ते बघा. धाकट्याने मोहरी तडतडवली आणि रात्री अकराला सहा मजल्यांची पोरं पायजम्यात बर्फात उभी राहिली. त्याची ओळख वर्षभर "मस्टर्ड सीड्स" अशी होती.

हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही तरी. १९ जानेवारी २००० च्या पहाटे न्यू जर्सीतल्या सेटन हॉल विद्यापीठाच्या बोलंड हॉलला आग लागली आणि पहिल्या वर्षाची तीन मुलं गेली. इमारतीत स्प्रिंकलर नव्हते. खोट्या अलार्मांची इतकी सवय झाली होती की कित्येकजण उठलेच नाहीत. त्याच वर्षी न्यू जर्सीने सगळ्या डॉर्ममध्ये स्प्रिंकलर बसवण्याचा कायदा केला. जुनी इमारत घ्या असं मी वर म्हटलंय, पण स्प्रिंकलर आहेत का हे विचारूनच. आणि अलार्म वाजला की मोहरीचा असो वा कशाचा, बाहेर पडायचं, हे मुलाला बजावा.

सुरक्षिततेची खरी माहिती कुठे मिळते?

टूर गाइडला विचारू नका, तो "आमच्याकडे निळे दिवे आहेत" म्हणेल, म्हणजे संकटात मदत बोलवायचे खांब. दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत प्रत्येक कॉलेजला सुरक्षा अहवाल प्रसिद्ध करावा लागतो. त्यात मागच्या तीन वर्षांतल्या गुन्ह्यांचे आकडे असतात, डॉर्ममधले वेगळे दाखवलेले. डॉर्म असलेल्या कॉलेजांना आगींचा अहवालही द्यावा लागतो. कॉलेजच्या नावापुढे 'क्लेरी रिपोर्ट' टाकून शोधा.

हा कायदा १९९० चा. १९८६ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी नावाच्या पहिल्या वर्षाच्या मुलीचा तिच्याच डॉर्मच्या खोलीत खून झाला. आपोआप कुलूप लागणारी दारं कुणीतरी अडकवून उघडी ठेवली होती. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा करून हा कायदा करवून घेतला. आकडे वाचताना एवढं ध्यानात ठेवा की जिथे तक्रार करणं सोपं असतं तिथे आकडे जास्त दिसतात. शून्य दिसलं म्हणून लगेच हुरळून जाऊ नका.

मुलाला दमा आहे, किंवा इतर काही आजार. एसी किंवा एकट्याची खोली मिळेल का?

मागा. कॉलेजच्या डिसेबिलिटी किंवा ॲक्सेसिबिलिटी ऑफिसला डॉक्टरांच्या पत्रासह अर्ज करायचा, हाउसिंग ऑफिसला नाही. ही सोय मागणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे. अर्जाची तारीख हाउसिंगपेक्षा वेगळी असते आणि उशीर झाला तर खोल्या संपलेल्या असतात. पत्रात "एसी असल्यास बरं" असं मोघम नको, एसी नसेल तर काय होतं ते लिहायला सांगा. जुन्या इमारतींत एसी नसणं सर्रास आहे, आणि ऑगस्टच्या शेवटचे पंधरा दिवस सगळ्यांनाच जड जातात.

लस कुठली लागते?

मेंदूज्वराची, म्हणजे मेनिंजायटिसची. डॉर्ममध्ये मुलं दाटीने राहतात, एकाच्या ग्लासातून दुसरा पितो, म्हणून हा धोका जास्त धरतात. टेक्ससमध्ये २२ वर्षांखालच्या नव्या विद्यार्थ्याला मागच्या पाच वर्षांत घेतलेली लस सत्र सुरू व्हायच्या निदान १० दिवस आधी दाखवावी लागते. भारतातून येणाऱ्यांनी ही लस तिकडेच घेऊन, तारीख आणि सही-शिक्क्याचा कागद हातातल्या बॅगेत ठेवावा.

मूल भारतातून एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, येतंय. वेगळं काय?

आय-२० वरच्या, म्हणजे व्हिसासाठी कॉलेजने दिलेल्या कागदावरच्या, सुरुवातीच्या तारखेच्या ३० दिवस आधीपासून देशात येता येतं, पण डॉर्म तेव्हा उघडलेलं असेलच असं नाही. तिकीट काढण्याआधी इंटरनॅशनल ऑफिसचा ओरिएंटेशनचा दिवस आणि डॉर्म उघडण्याचा दिवस ताडून पाहा, लवकर येण्याचे पैसे वेगळे पडू शकतात. खोली बदलली की नवा पत्ता १० दिवसांत कॉलेजला कळवायचा, हा व्हिसाचा नियम आहे, सौजन्याचा भाग नाही.

मोठा घोळ सुट्ट्यांचा. थँक्सगिव्हिंगला आणि त्याहून जास्त करून डिसेंबर-जानेवारीत बरीच डॉर्म कुलूपबंद होतात. इथली मुलं घरी जातात, तुमचं कुठे जाणार? अर्जातच पाहा की सुट्टीत उघडी राहणारी इमारत कुठली आहे, आणि पसंतीत ती वर टाका. मावशी-काका दोन तासांवर असतील तरी तीन आठवडे कुणाकडे राहणं पहिल्या वर्षी मुलांना अवघड वाटतं.

इथे वीज १२० व्होल्टची आहे. फोन-लॅपटॉपचे चार्जर चालतात, तिकडची इस्त्री आणि मिक्सर चालत नाहीत. उगीच वजन वाढवू नका.

सामान काय न्यावं?

याद्या इंटरनेटवर पैशाला पासरी आहेत. दोनच सांगते. डॉर्मचा पलंग बहुधा ट्विन एक्सएल, ३८ बाय ८० इंच. साध्या ट्विनपेक्षा पाच इंच लांब, घरची चादर कोपऱ्यातून सुटते. आणि पहिल्या दिवशी सामान लावायच्या आधी भिंती, गादी, टेबल, खिडकीची जाळी यांचे फोटो काढून ठेवायला सांगा. मे महिन्यात आधीच्या मुलाने पाडलेल्या भोकाचं बिल आम्ही भरलंय.

रूममेटशी पटलं नाही तर कुणाला फोन करू?

कुणालाच नाही. पहिल्या आठवड्यांत मजल्याचा आरए दोघांना बसवून एक करारनामा भरून घेतो: दिवे कधी बंद, पाहुणे कधी, कुणाचं दूध कुणी प्यायचं. मुलं तो हसत हसत पाच मिनिटांत उरकतात आणि ऑक्टोबरमध्ये त्याचीच आठवण येते. तक्रार आधी रूममेटशी, मग आरएशी, मग हॉल डायरेक्टरशी, असा क्रम. तुम्ही फोन केलात तर पलीकडून गोड आवाजात "आम्हाला सांगता येत नाही" ऐकू येईल. कारण विद्यार्थ्यांच्या नोंदी खासगी ठेवणाऱ्या १९७४ च्या फर्पा कायद्याप्रमाणे मूल कॉलेजात गेलं की त्याच्या नोंदींवरचे हक्क त्याचे होतात. करात मूल तुमच्यावर अवलंबून दाखवलेलं असेल तर कॉलेज माहिती देऊ शकतं, पण द्यायलाच हवी असं नाही.

नको असलेलीच खोली मिळाली. आता?

जुलै-ऑगस्टमध्ये न येणारी मुलं गळतात आणि प्रतीक्षायादी हलते, तेव्हा नाव घालून ठेवा. सत्र सुरू झालं की पहिले दोन-तीन आठवडे बहुतेक ठिकाणी अदलाबदल बंद असते, कोण आलं कोण नाही त्याची मोजदाद चालू असते. त्यानंतर खिडकी उघडते, आणि खरी मोठी संधी डिसेंबरात, जेव्हा कोणी परदेशी सत्राला जातं, कोणी कॉलेज सोडतं. आमच्या लेकीचं तेव्हाच जमलं. करार मोडून पूर्णपणे बाहेर पडणं मात्र कठीण असतं. कॉलेज सोडलं, पदवी संपली, परदेशी सत्राला गेलं अशी मोजकी कारणं चालतात, बाकी वेळी उरलेल्या वर्षाचं भाडं किंवा जबर दंड. सही मुलाची, पैसे तुमचे. त्यामुळे खोली त्याला निवडू द्या, पण करारातलं रद्द करण्याचं पान तुम्ही चष्मा लावून वाचा.